अभिजात स्पोर्ट्‌स मोटारींच्या विद्युत भागांची अस्सलता : जॅग्वार ई-टाइपच्या विशेष संदर्भात

सारांश

जुन्या मोटारींचे मूल्य ठरविताना 'अस्सलता' हा निकष सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. सांगाडा, इंजिन आणि रंग यांच्या अस्सलतेची नोंद निर्मात्याच्या दप्तरात सापडते. विद्युत भागांची नोंद मात्र तेथे बहुधा नसते. अशा वेळी त्या भागांवरील ठसे, त्यांची घडण, वायरिंगचे रंग आणि जोडणीची पद्धत हाच पुरावा उरतो. प्रस्तुत लेखात १९६१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेल्या जॅग्वार ई-टाइप या मोटारीच्या आधारे हा पुरावा कसा वाचावा, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तो जपणे का आवश्यक आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अस्सलता, डायनामो, अल्टरनेटर, धन-भूमी, ऋण-भूमी, तारीख-ठसा, प्रतिकृती, जतन.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला कागद हाती आला की पहिला प्रश्न पडतो तो त्याच्या अस्सलतेचा. कागद अस्सल आहे, नक्कल आहे की बनावट आहे, हे ठरल्याखेरीज त्यातील मजकुराला प्रमाण मानता येत नाही. महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची जी परंपरा निर्माण झाली, तिने शिक्के, मोर्तब, वळण, कागद आणि शाई यांच्या परीक्षणाला म्हणूनच मोठे महत्त्व दिले. हीच दृष्टी यंत्रांनाही लावता येते. यंत्र हाही एक दस्तऐवज आहे. ते कोणी, कधी, कोणत्या ज्ञानाच्या आधारे आणि कोणत्या ग्राहकासाठी बनविले, हे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. मात्र ते वाचण्याची लिपी अवगत असावी लागते.

अभिजात मोटारींच्या क्षेत्रात हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. एकाच वर्षी बनलेल्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन मोटारींपैकी एकीचे भाग मूळचे आणि दुसरीचे बदललेले असतील, तर त्यांच्या किमतींत मोठी तफावत पडते. त्यामुळे बनावट ठसे उमटविण्याचा मोह निर्माण होतो. दुसरीकडे, जुना भाग केवळ 'जुना' म्हणून फेकून देण्याची सवयही तितकीच घातक ठरते. एकदा फेकलेला भाग परत येत नाही आणि त्याच्यासोबत त्या मोटारीच्या इतिहासाचे एक पानही नाहीसे होते.

२. विषयाची निवड व व्याप्ती

जॅग्वार ई-टाइप ही मोटार मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात जगापुढे आली. सुरुवातीला तिचे इंजिन ३.८ लिटरचे होते. ऑक्टोबर १९६४ पासून ४.२ लिटरचे इंजिन आले. १९६८ च्या अखेरीस दुसरी मालिका आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरची तिसरी मालिका बाजारात आली. १९७४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सर्व मालिका मिळून ७२,००० हून अधिक मोटारी तयार झाल्या. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने पहिल्या मालिकेपुरते मर्यादित आहे. याचे कारण असे की, ३.८ कडून ४.२ कडे जाताना या मोटारीची विद्युत व्यवस्था मुळापासून बदलली. बदलाच्या अशा सांध्यावरच अस्सलतेचे प्रश्न सर्वाधिक उद्भवतात.

या मोटारीचे बहुतेक विद्युत भाग बर्मिंगहॅम येथील जोसेफ लुकास या कंपनीने पुरविले होते. गतिमापक व इतर दर्शक स्मिथ्स या कंपनीचे होते. लुकास हे नाव भारतीय वाचकालाही अपरिचित नाही. १९६१ सालीच मद्रास येथे लुकास-टीव्हीएस हा संयुक्त उद्योग सुरू झाला आणि लुकासच्या धर्तीचे डायनामो व स्टार्टर भारतीय रस्त्यांवर रुळले. आपल्याकडील गॅरेजमध्ये स्टार्टरला 'सेल्फ' आणि डायनामोच्या नियंत्रकाला 'कटआउट' म्हणण्याची पद्धत त्या काळापासून परिचित आहे. खुद्द जॅग्वार ही कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली, हाही या विषयाशी असलेला एक दुवा होय.

३. कागदोपत्री पुरावा आणि त्याची मर्यादा

जॅग्वारच्या जुन्या उत्पादन-नोंदी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट या संस्थेने जपून ठेवल्या आहेत. मोटारीच्या मालकाला या नोंदींच्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. त्यात सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे मूळ क्रमांक, रंग, तयार झाल्याची व कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख आणि पहिला विक्रेता यांची माहिती असते.

सांगाडा-क्रमांकही पुष्कळ बोलतो. ३.८ लिटरच्या उजव्या सुकाणूच्या उघड्या मोटारींचे क्रमांक ८५०००१ पासून, तर डाव्या सुकाणूच्या उघड्या मोटारींचे ८७५००१ पासून सुरू होतात. बंद छताच्या मोटारींसाठी अनुक्रमे ८६०००१ व ८८५००१ या मालिका आहेत. ४.२ लिटरच्या मोटारींच्या क्रमांकाआधी '१ई' अशी खूण असते. म्हणजे सांगाडा-क्रमांक पाहताच मोटार कोणत्या इंजिनाची, कोणत्या बाजूच्या सुकाणूची व कोणत्या घडणीची, हे कळते आणि त्यावरून तिच्यात कोणती विद्युत व्यवस्था असावयास हवी, याचे अनुमान करता येते.

परंतु या प्रमाणपत्रात डायनामोचा क्रमांक नसतो, डिस्ट्रिब्यूटरचा नसतो, कॉइलचाही नसतो. हे भाग बाहेरून येत, खोक्यातून काढले जात आणि मोटारीवर चढविले जात. कोणत्या मोटारीवर कोणता नग चढला, हे लिहून ठेवण्याचे कारखान्याला कारण नव्हते. येथे दप्तर मौन पाळते. यापुढील साक्ष वस्तूनेच द्यावयाची असते.

४. तारीख-ठशाचे वाचन

लुकासच्या बहुतेक मोठ्या भागांवर तीन प्रकारची माहिती ठोकलेली आढळते : भागाचा नमुना, भागाचा क्रमांक (बहुधा पाच आकडी) आणि तयार झाल्याची तारीख. डायनामो व स्टार्टरवर ती नळकांड्यासारख्या कवचावर, तर डिस्ट्रिब्यूटरवर त्याच्या ओतीव अंगावर असते.

तारीख सामान्यतः दोन अंकगटांत दिलेली असते. '४ ६२' असा ठसा असेल तर त्याचा अर्थ एप्रिल १९६२. नंतरच्या काळातील काही भागांवर महिन्याऐवजी आठवडा दिलेला असतो, उदा. '३५ ६७' म्हणजे १९६७ चा पस्तिसावा आठवडा. पहिला अंक बारापेक्षा मोठा असेल तर तो आठवडाच असणार, यात शंका नाही. बारा किंवा त्याहून लहान असेल तर मात्र संदिग्धता राहते. अशा वेळी त्याच प्रकारचे इतर नग पाहून निर्णय करावा लागतो.

ठशावरून निष्कर्ष काढताना पुढील नियम उपयोगी पडतात.

(अ) भागाची तारीख मोटारीच्या निर्मितीनंतरची असेल, तर तो भाग मूळचा असणे शक्य नाही. हा नकारात्मक पुरावा निर्णायक आहे.

(आ) भागाची तारीख निर्मितीपूर्वी काही आठवडे ते काही महिने असेल, तर तो भाग मूळचा असणे शक्य आहे. बर्मिंगहॅमहून कॉव्हेंट्रीला माल जाणे, साठ्यात राहणे आणि मोटारीवर चढणे यांस इतका काळ लागणे स्वाभाविक होते.

(इ) तारीख निर्मितीच्या बरीच आधीची असेल, तर तो भाग दुसऱ्या मोटारीवरून आलेला असण्याचा संशय बळावतो.

(ई) तारीख जुळली म्हणजे भाग मूळचा ठरला, असे मात्र नव्हे. त्याच महिन्यात तयार झालेला दुसरा नग बाजारात शोधून बसविता येतो. तारीख जुळणे ही आवश्यक अट आहे. पुरेशी अट नव्हे.

नियम (अ) आणि नियम (ई) यांतील फरक तर्कशास्त्राच्या अध्यापकांना सहज लक्षात येईल. खंडन करण्यास एक ठसा पुरतो. मंडन करण्यास अनेक स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने जावे लागतात.

५. दोन विद्युत व्यवस्था

५.१ डायनामो व धन-भूमी

३.८ लिटरच्या मोटारीत वीज डायनामोपासून निर्माण होई. तिच्या बॅटरीचे धन टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असे. यालाच धन-भूमी व्यवस्था म्हणतात. त्या काळातील अनेक ब्रिटिश मोटारींत ही पद्धत होती. आज सर्वत्र ऋण टोक सांगाड्याला जोडतात; त्यामुळे जुनी मोटार हाताळणाऱ्या नव्या मेकॅनिकची येथे पहिली चूक होते.

डायनामोसोबत आरबी ३१० हा नियंत्रक येतो. त्यात तीन विद्युतचुंबकीय गुंडाळ्या असतात. एक दाबाचे नियमन करते, दुसरी प्रवाहाचे, आणि तिसरी डायनामो मंद फिरत असताना बॅटरीतील वीज उलट वाहू नये म्हणून मंडल तोडते. डिस्ट्रिब्यूटर डीएमबीझेड ६ए या नमुन्याचा, तर पेट्रोलचा पंप लुकास २ एफपी या नमुन्याचा असून तो पेट्रोलच्या टाकीतच बुडलेला असतो.

५.२ अल्टरनेटर व ऋण-भूमी

४.२ लिटरच्या मोटारीत लुकास ११ एसी हा अल्टरनेटर आला आणि व्यवस्था ऋण-भूमी झाली. इंजिन मंद फिरत असतानाही अल्टरनेटर पुरेशी वीज देतो. शहरातील गर्दीत, दिवे व वायपर चालू असताना डायनामोला ते साधत नसे. नियंत्रक ४ टीआर या नमुन्याचा असून त्यात हलणाऱ्या संपर्कांऐवजी ट्रान्झिस्टर वापरले होते. डिस्ट्रिब्यूटर २२ डी ६ झाला आणि टाकीत बुडालेल्या पंपाच्या जागी टाकीबाहेरचा एसयू पंप आला.

या तुलनेतून परीक्षणाचे एक सूत्र हाती येते : भाग एकेकटे तपासू नयेत, त्यांचा मेळ तपासावा. ज्या मोटारीचा क्रमांक '१ई' ने सुरू होतो, तिच्यावर आरबी ३१० नियंत्रक दिसला, तर तो कितीही जुना व 'लुकास' छापाचा असला तरी त्या मोटारीचा नव्हे. उलट ३.८ च्या मोटारीवर ११ एसी अल्टरनेटर असेल, तर तो सोयीसाठी नंतर केलेला बदल होय.

५.३ ध्रुवता बदलल्याच्या खुणा

अनेक मालकांनी रेडिओ किंवा इतर आधुनिक उपकरणे बसविण्यासाठी धन-भूमीच्या मोटारी ऋण-भूमीच्या करून घेतल्या. डायनामोच्या बाबतीत हे सोपे असते. डायनामोच्या लोखंडात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वाची दिशा त्याची ध्रुवता ठरविते. क्षेत्र-गुंडाळीच्या 'एफ' टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श केला की ती दिशा पालटते. म्हणजे डायनामो अस्सल असूनही त्याची ध्रुवता बदललेली असू शकते, आणि बाहेरून त्याची कोणतीही खूण दिसत नाही.

खुणा इतरत्र शोधाव्या लागतात. अँमीटरच्या तारा अदलाबदल केलेल्या असतात. तशा त्या केल्या नसतील तर काटा उलट दिशेला जातो. कॉइलच्या तारांचीही अदलाबदल करणे आवश्यक असते, कारण ठिणगीच्या वेळी प्लगचे मधले टोक ऋण असावे अशी कॉइलची जोडणी असते. येथे कॉइलवरील अक्षरेही उपयोगी पडतात. जुन्या कॉइलच्या टोकांवर 'एसडब्ल्यू' (स्विचकडचे) आणि 'सीबी' (पॉइंटकडचे) अशी इंग्रजी अक्षरे असत. ऋण-भूमी रूढ झाल्यावर त्यांच्या जागी अधिक व उणे अशी चिन्हे आली. धन-भूमीच्या मोटारीवर अधिक-उणे चिन्हांची कॉइल असणे, हे ती नंतर बसविल्याचे लक्षण मानावे. अल्टरनेटरच्या बाबतीत ध्रुवतेची चूक महागात पडते. बॅटरी उलट जोडल्यास त्यातील डायोड जळतात.

६. क्रमांकाचे महत्त्व : डिस्ट्रिब्यूटरचे उदाहरण

नमुना जुळला की भाग जुळला, असा समज सर्वत्र आढळतो. डिस्ट्रिब्यूटरच्या उदाहरणावरून तो किती फसवा आहे हे दिसून येते. एकाच नमुन्याचा डिस्ट्रिब्यूटर अनेक मोटारींवर वापरला जाई. बाहेरून ते सारखेच. परंतु आतील फिरती वजने, स्प्रिंगा आणि निर्वात-यंत्रणा वेगवेगळी असे. इंजिनाचा वेग वाढत जाईल तशी ठिणगी किती आधी पडावी, हे या भागांवरून ठरते. खुद्द जॅग्वारने ८ : १ आणि ९ : १ या संपीडन-गुणोत्तरांच्या इंजिनांसाठी वेगवेगळ्या क्रमांकांचे डिस्ट्रिब्यूटर वापरले.

म्हणून नमुन्याखालचा पाच आकडी क्रमांक पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. चुकीच्या क्रमांकाचा डिस्ट्रिब्यूटर नीट बसतो, मोटार सुरूही होते. पण चढावर इंजिन ठोके देऊ लागते आणि कालांतराने पिस्टनला इजा पोहोचते. अस्सलतेचा प्रश्न येथे केवळ संग्राहकाचा राहत नाही, तो यंत्राच्या प्रकृतीचा होतो.

७. वायरिंग : रंगांची भाषा

ब्रिटिश मोटारींच्या तारांना ठरावीक रंग असत आणि प्रत्येक रंगाला ठरावीक अर्थ असे. तपकिरी तार बॅटरीकडून थेट येते. तिच्यावर फ्यूज नसतो. पांढरी तार इग्निशनच्या किल्लीनंतरची. हिरवी तार किल्लीनंतरची व फ्यूजमधून गेलेली. निळ्या तारा पुढच्या मोठ्या दिव्यांच्या, लाल तारा बाजूच्या व मागच्या दिव्यांच्या, काळी तार भूमीची. मुख्य रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असेल तर ती उपशाखा दर्शविते, उदा. हिरव्यावर लाल रेघ डाव्या दिशादर्शकाची, हिरव्यावर पांढरी रेघ उजव्या दिशादर्शकाची, निळ्यावर पांढरी रेघ लांब प्रकाशाची.

या भाषेचे व्याकरण ठाऊक असले की मोटारीचा दुरुस्ती-इतिहास उलगडतो. डॅशबोर्डच्या मागे एखादी पिवळी तार काळ्या चिकटपट्टीने जोडलेली दिसली आणि ती दिव्याकडे जात असेल, तर तेथे कोणीतरी हात घातला आहे. तारांच्या टोकांना मूळची पितळी 'बुलेट' जोडणी किंवा चपटी पाती आहेत, की नंतरच्या रंगीत प्लास्टिकच्या दाबजोडण्या आहेत, हेही पाहावे. जुन्या तारांच्या जुडग्यावर सुती विणकामाचे वेष्टन असे. ते मळलेले, तेलाने काळवंडलेले असले तरी फेकून देऊ नये. आज तशीच विणलेली नवी जुडगी मिळतात आणि सुरक्षिततेसाठी ती वापरणे योग्यही असते. परंतु जुने जुडगे काढल्यावर त्यावर चिठ्ठी बांधून ते मोटारीसोबत जपणे आवश्यक आहे, कारण तारेची लांबी, फाटे आणि जोडांची जागा यांचा तोच एकमेव पुरावा असतो.

येथेच फ्यूजविषयी एक गंभीर बाब नमूद केली पाहिजे. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर '३५' असा आकडा असला, तर त्याचा अर्थ ३५ अँपिअरला तो वितळतो. सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या सुमारे निम्माच असतो. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहू शकणारा प्रवाह लिहिलेला असतो. आकडा सारखा, आकार जवळपास सारखा, अर्थ मात्र भिन्न. ३५ च्या जागी ३५ बसविल्याच्या समाधानात संरक्षण निम्म्यावर येते. सुती वेष्टनाच्या, साठ वर्षे जुन्या तारांजवळ पेट्रोलची नळी असेल, तर या गैरसमजाची किंमत संपूर्ण मोटारीच्या रूपाने मोजावी लागेल.

८. बाजारपेठेनुसार भेद

अस्सलतेच्या परीक्षणात 'मूळची मोटार कोणत्या देशासाठी बनली' हा प्रश्न विसरून चालत नाही. ई-टाइपचा फार मोठा वाटा अमेरिकेत निर्यात झाला. अमेरिकेसाठीच्या मोटारींत पुढचे दिवे सीलबंद प्रकारचे असत, तर पहिल्या मालिकेतील मागचे दिशादर्शक पिवळसर न राहता लाल काचेचे असत. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा-नियमांमुळे डॅशबोर्डवरील बाहेर आलेल्या टोकदार स्विचांच्या जागी चपटे, दाबून झुलणारे स्विच आले. दिव्यांवरील काचेची आवरणे तर त्याआधी, १९६७ मध्येच गेली. त्यामुळे उजव्या सुकाणूच्या इंग्लंडमधील मोटारीवर लाल दिशादर्शक दिसले, तर ते अस्सल लुकासचे असूनही त्या मोटारीच्या संदर्भात अस्सल नव्हेत. अस्सलता हा वस्तूचा गुण नसून वस्तू आणि तिचे स्थान यांमधील नाते आहे, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

९. घडणीवरून परीक्षण आणि बनावटीच्या खुणा

ठसा खोटा ठोकता येतो. घडण खोटी करणे अधिक कठीण असते. म्हणून पुढील बाबी बारकाईने पाहाव्यात.

पहिली बाब स्क्रूंच्या आट्यांची. लुकासच्या लहान विद्युत भागांवर 'बीए' या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असत. तेथे मेट्रिक मापाचा स्क्रू फिरत असेल, तर एक तर स्क्रू बदललेला आहे किंवा संपूर्ण भागच अलीकडचा आहे. दुसरी बाब झाकणांची. जुनी झाकणे बॅकेलाइटची असत. ती जड, ठिसूळ आणि वयाबरोबर तपकिरी छटा धरणारी असतात. नवे प्लास्टिक हलके व एकसारखे काळे असते. तिसरी बाब ठशाची. मूळचे ठसे कामगाराने घाईने ठोकलेले असत. अक्षरे किंचित वाकडी, खोली कमीअधिक. अतिशय नेटका, यंत्राने कोरल्यासारखा ठसा संशयास्पद मानावा. ठशाखालचा पृष्ठभाग घासलेला आहे काय आणि रंगाचा जुना थर अक्षरांच्या खोबणीत उतरला आहे की अक्षरे रंगावरून उमटली आहेत, हे भिंगाखाली पाहावे.

चौथी बाब आतील भागाची. आज जुन्या नियंत्रकाच्या झाकणाखाली आधुनिक इलेक्ट्रॉनिक मंडल, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक, एवढेच नव्हे तर डायनामोच्या आकाराच्या कवचात अल्टरनेटरही बसविला जातो. हे बदल मोटार नियमित चालविणाऱ्यासाठी उपयुक्त असतात, आणि ते सांगून केले असतील तर त्यांत गैर काही नाही. न सांगता विकले, तर ती फसवणूक होय.

विद्युत चाचणीचे स्थानही येथे स्पष्ट केले पाहिजे. डायनामोची 'डी' व 'एफ' टोके एकत्र करून बॅटरी जोडली आणि तो मोटारीप्रमाणे फिरू लागला, तर त्याच्या गुंडाळ्या व ब्रश शाबूत आहेत एवढे सिद्ध होते. चाचणी प्रकृती सांगते, कुळ सांगत नाही. बंद पडलेला भाग अस्सल असू शकतो आणि उत्तम चालणारा भाग कालचा असू शकतो.

१०. वर्गीकरण व एक काल्पनिक उदाहरण

'अस्सल' आणि 'खोटे' अशी दोनच खाती ठेवल्याने बराच गोंधळ होतो. त्याऐवजी पाच वर्ग करणे सोयीचे ठरते : (१) मूळ – मोटारीसोबत कारखान्यातून आलेला, (२) समकालीन – त्याच नमुन्याचा व क्रमांकाचा, परंतु दुसऱ्या मोटारीचा किंवा त्या काळी दुरुस्तीत बसविलेला, (३) पुनर्निर्मित – जुन्या कवचात नवे अंतर्भाग घातलेला, (४) प्रतिकृती – जुन्यासारखा नवा आणि तसे उघड सांगणारा, (५) बनावट – खोटा ठसा धारण करणारा.

समजा, ३.८ लिटरची एक उघडी ई-टाइप प्रमाणपत्रानुसार एप्रिल १९६३ मध्ये तयार झाली. तिच्या डायनामोवर '२ ६३', डिस्ट्रिब्यूटरवर '३ ६३' आणि स्टार्टरवर '९ ६५' असे ठसे आहेत. कॉइलवर अधिक-उणे चिन्हे आहेत आणि बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडले आहे. येथे स्टार्टर मोटारीपेक्षा तरुण आहे. तो मूळचा नव्हे. तो १९६५ च्या सप्टेंबरनंतर केव्हातरी बसविला गेला. नमुना व क्रमांक त्या मोटारीला लागू असल्यास तो समकालीन वर्गात जाईल. कॉइल आणि ध्रुवता नंतर बदलली. डायनामो व डिस्ट्रिब्यूटर यांच्या तारखा मूळ असण्याशी सुसंगत आहेत. त्यांचे पाच आकडी क्रमांक, स्क्रू आणि ठशांची घडण तपासून त्यांना 'मूळ असणे संभवनीय' असा शेरा देता येईल. 'मूळच' असा शेरा मात्र देता येणार नाही. परीक्षकाचा प्रामाणिकपणा 'संभवनीय' आणि 'निश्चित' या दोन शब्दांमधील अंतर राखण्यात असतो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९६५ चा तो स्टार्टर काढून त्याजागी '३ ६३' ठशाचा स्टार्टर विकत घेऊन बसविला, तर मोटार अधिक 'बरोबर' दिसेल. पण तिच्या आयुष्यातील एक खरी घटना पुसली जाईल. पहिला स्टार्टर दोनतीन वर्षांत निकामी झाला, ही त्या मोटारीची आणि त्या काळाच्या तंत्राचीही माहिती आहे. लुकासच्या भागांवर विसंबता येत नाही म्हणून इंग्रजी भाषक मालक त्या कंपनीला विनोदाने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. ही थट्टा कितपत न्याय्य होती, हे ठरविण्यासाठी बदललेले भागच पुरावा म्हणून लागतात.

११. जतनाचे तत्त्व आणि भारतीय नियम

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद मार्गदर्शक मानली जाते. तिच्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने तुरिन सनद स्वीकारली. हस्तक्षेप कमीत कमी असावा, बदल शक्यतो उलटविता येण्याजोगे असावेत, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबत जपावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी आली. अशा वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. विद्युत भागांचा त्या अटीत वेगळा उल्लेख नाही. म्हणजे नियम जेथे थांबतो, तेथून मालकाची आणि अभ्यासकाची जबाबदारी सुरू होते. तांत्रिक महाविद्यालयांच्या कार्यशाळांत पडून असलेले जुने डायनामो, कटआउट व डिस्ट्रिब्यूटर यांवरील ठशांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास या दिशेने अल्पखर्चात उपयुक्त काम उभे राहू शकते. यंत्र अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, इतिहास आणि तर्कशास्त्र या चारही विषयांना त्यात वाव आहे.

१२. निष्कर्ष

(१) निर्मात्याच्या नोंदी विद्युत भागांविषयी मौन बाळगतात. म्हणून प्रत्यक्ष वस्तू हाच प्रमुख पुरावा ठरतो.

(२) तारीख-ठसा अस्सलतेचे खंडन निर्णायकपणे करू शकतो. मंडन मात्र एकट्याने करू शकत नाही.

(३) नमुना, क्रमांक, तारीख, घडण, वायरिंग आणि बाजारपेठ यांचा परस्परमेळ हाच विश्वसनीय निकष होय.

(४) चालू असणे व अस्सल असणे या भिन्न बाबी आहेत. त्यांचे परीक्षणही स्वतंत्रपणे व्हावे.

(५) सुरक्षिततेसाठी जुना भाग बदलणे योग्य आहे. परंतु काढलेला भाग व त्याची नोंद जपणे बंधनकारक मानले जावे.

१३. समारोप

साठ वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमच्या एका कामगाराने डायनामोच्या अंगावर दोन आकडे ठोकले. त्याने ते हमीच्या मुदतीसाठी आणि हिशोबाच्या सोयीसाठी ठोकले असतील, इतिहासासाठी नव्हेत. तरीही आज त्या मोटारीविषयी खरे सांगणारे ते मोजके साक्षीदार आहेत. साक्षीदाराला बोलते करणे हे परीक्षकाचे काम. त्याच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द न घालणे, हेही त्याचेच काम होय.